बुडालेला थेंब

रक्त द्यायला निघालेली माणसं एवढी नटतात का, असा प्रश्न आर्णीच्या बसस्टँडवर तर्रीपोहे खाणाऱ्या कोणालाही पडला असता. रामरावांच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, धाकट्या मुलाच्या, कपिलच्या अंगात लग्नातलं जॅकेट, नातीच्या, समीक्षाच्या, दोन्ही वेण्यांना गुलाबी फिती. इको गाडीच्या मागच्या सीटवर दोन डबे, एक सतरंजी, बोरांची पिशवी आणि पाण्याचा कॅन. जत्रेला निघाल्यासारखं.

दरवर्षी याच तारखेला हे खटलं असंच निघायचं. समीक्षाचा वाढदिवस. केक संध्याकाळी घरी. आधी रक्त.

सहा वर्षांपूर्वी समीक्षा जन्मली आणि तिच्या आईचं, दिपालीचं रक्त थांबेना, तेव्हा एका दुपारी तिला चार पिशव्या रक्त चढलं होतं. कोणाकोणाचं, ते कोणालाच कळलं नाही. रामरावांनी पुढच्याच वर्षी घरात जाहीर केलं होतं, "घेतलं कोणाचं ते माहीत नाही, तं देतानी बी कोणाले ते पाह्यचं नाही. सारे जाऊ." तेव्हापासून पंधरा दिवस आधी ते रक्तपेढीला फोन करत आणि त्या तारखेला शिबिर कुठं आहे ते विचारून घेत. कधी यवतमाळ, कधी दिग्रस. यंदा यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीतला एक हॉल. तारीख त्यांनी कृषी केंद्रानं दिलेल्या कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवली होती. त्या कॅलेंडरवर बियाण्याच्या पिशवीचं मोठं चित्र होतं, आकडे ठसठशीत होते. तिथी मात्र नव्हत्या.

घोळ तिथंच झाला.

"घ्या, गरम हायेत," म्हणत मोठ्या मुलानं, अमरनं, बायकांसाठी पोह्यांच्या दोन प्लेटा गाडीच्या खिडकीतून आत दिल्या आणि तो परत चहाकडे वळला. दिपालीनं आपली प्लेट समीक्षाच्या मांडीवर ठेवली. सासूनं, विमलताईंनी, आपल्या प्लेटवर कागद घातला आणि ती पिशवीत सरकवली. पुरुषांच्या नजरेला न दिसणाऱ्या ज्या गोष्टी आहेत, त्यात बायकांचा उपवास पहिला.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. अंगारकी होती.

विमलताईंना सकाळी देवापुढं दिवा लावतानाच ते ठाऊक होतं. रामरावांना सांगावं असं एकदा मनात आलंही. पण सांगून काय होणार होतं? विमलताईंचं स्वतःचं वजन त्रेचाळीस किलो, त्यांना कधीच कोणी घेतलं नव्हतं. आणि दिपालीचं तर दरवर्षी ठरलेलंच होतं. तीन वर्षं ती रांगेत लागत होती, तीन वर्षं बोटातून काढलेला तिचा थेंब तपासणीच्या त्या निळ्या पाण्यावर तरंगत होता, आणि तरंगला की परत. मग ती सगळ्यांच्या पर्स, मोबाइल सांभाळत भिंतीजवळच्या खुर्चीवर बसायची. उपाशी राहिली काय नि जेवली काय, बसायचं खुर्चीवरच होतं.

म्हणजे विमलताईंनी काही केलं नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माळ्यावरची लोखंडी कढई काढली होती आणि तेव्हापासून घरातली प्रत्येक भाजी त्यातच शिजत होती. पालक काळा पडतो म्हणून कपिल कुरकुरला, तर त्याला म्हणाल्या होत्या, "तुह्यासाठी नाही करून राह्यली." पण पेरायचं ते पेरायचं, उगवेलच असं धरायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय.

दिपालीच्या पर्समध्ये एक कागद होता. मागच्या आठवड्यात आर्णीतल्या लॅबमध्ये गुपचूप जाऊन आणलेला. त्यावर हिमोग्लोबिनपुढं लिहिलं होतं, बारा पूर्णांक आठ.

ते तिनं अमरला सांगितलं नव्हतं, कोणालाच नाही. सांगितलं आणि परत थेंब तरंगला तर? आणि अंगारकीचं तर ती बोलूच शकत नव्हती. ती अंगारकी तिच्याच जिवासाठी बोललेली होती. सहा वर्षांपूर्वी, ती बेशुद्ध असताना, सासूनं कळंबच्या चिंतामणीला शब्द दिला होता, जन्मभर अंगारकी निरंकार करू, नुसत्या पाण्यावर, चंद्र उगवेपर्यंत, मी आणि माझी सून. ज्याच्यामुळं आपण जिवंत आहोत, तो उपवास आपण कसा मोडायचा? आणि कोणत्या तोंडानं?

यवतमाळच्या अलीकडे तिनं मनाशी ठरवलं की विचारलं तर 'खाल्लं' म्हणायचं.

---

सुरभी स्कूटीवरून आधीच येऊन हॉलच्या पायरीवर उभी होती. घरातली मधली मुलगी, यवतमाळात दिलेली. दिवाळीत फराळाच्या ताटावरून दिपालीशी जे वाजलं, त्यानंतर नणंद-भावजय फोनवर फक्त "आईले दे" एवढंच बोलत होत्या.

"आल्या का आमच्या नाजूक वहिनी?" तिनं विचारलं. उत्तर नको होतं तिला.

"आली नं, तुमच्या पर्स धरायले," दिपाली म्हणाली.

कपिलनं मध्येच आपलं जॅकेट पुढं केलं. "मग हे बी धर वहिनी. लग्नाचं हाय, डाग पडला तं दुसरं लग्न करा लागते."

आत टेबलाशी सत्यशीला सिस्टर होत्या. दरवर्षी हे कुटुंब जिथं जाईल तिथं त्या असतच असं नाही, पण तीनपैकी दोन वेळा दिपालीला परत पाठवणाऱ्या त्याच. फॉर्म भरताना त्यांनी मान वर न करता प्रश्न विचारले. ताप? कावीळ? काही औषधं चालू?

"सकाळी जेवल्या?"

"हो," दिपाली म्हणाली.

तिच्या मागं दोन हातांवर विमलताई उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. जाऊ दे. थेंब तरंगणारच आहे. फुकटच्या खोट्याला काय, कोणाचं काही जात नाही.

टेबलावर निळ्या पाण्याची बाटली होती. रामराव दरवर्षीप्रमाणे रांगेतल्या अनोळखी माणसांना समजावून सांगू लागले, "हे मोरचूद हाय बरं. आपण झाडाले फवारतो तेच. पातळ रक्त याच्यावर तरंगते, भारी रक्त बुडते. बुडला तं पास." पासष्टी उलटल्यापासून त्यांचं रक्त घेत नव्हते, त्यामुळे समजावणं एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं आणि ते त्यांनी सोडलं नव्हतं.

अमरचा थेंब खड्यासारखा गेला. सुरभीचाही. कपिलनं डोळे मिटून बोट पुढं केलं, आणि थेंब तळाशी गेल्यावरही तो डोळे मिटूनच होता. "झालं का?" "झालं." "जिवंत हाय का मी?"

मग दिपालीचं बोट. सुई टोचली, बारक्या काचेच्या नळीत रक्त चढलं, सिस्टरांनी नळी निळ्या पाण्यावर धरली.

थेंब पडला.

पडला आणि मण्यासारखा वरच थांबला. अमरनं नजर दुसरीकडे वळवली, त्याला हे तीनदा पाहून झालं होतं. मग थेंब एक बोट खाली उतरला. पुन्हा थांबला. पाण्याच्या मधोमध, ना वर ना खाली, घरच्या सगळ्यांचा श्वास धरून उभा. समीक्षा टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बघत होती. तिच्या नाकासमोर तो लाल मणी जरासा लांबला, जरासा हलला, जसं कोणी जायचं की नाही याचा विचार करतंय. आणि मग गेला. सावकाश, सरळ, तळापर्यंत.

"बुडाली! आई बुडाली!" समीक्षा एवढ्या जोरात ओरडली की बाहेरचा वॉचमन धावत आत आला.

सिस्टर हसल्या. "पास. काय खाल्लं हो वर्षभर?"

रामरावांनी कधी नव्हे ते मोरचुदाबद्दल काहीही सांगितलं नाही. विमलताई त्या बाटलीकडे बघत राहिल्या. लोखंडी कढईतलं काहीतरी त्या तळाशी जाऊन बसलं होतं, डोळ्यांना दिसेल असं. दोन वर्षांच्या काळ्या पडलेल्या भाज्या, मोहरीएवढ्या थेंबात.

"चला, तिकडच्या कॉटवर," सिस्टर म्हणाल्या.

"थांबा," विमलताई बोलल्या.

सगळे वळले.

"तिनं खाल्लं नाही. काल रात्रीपासून पाण्याबिगर तिच्या पोटात काही नाही. अंगारकी हाय आज."

---

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, खोटं बोलायचं नसतं हो इथं. उपाशी पोटी देऊन चक्कर आली, पडल्या, म्हणजे? दोनपर्यंत आहोत आम्ही. जेवून या, तासभर बसा, मग घेते."

ती बाई सोपंच बोलली होती. घरच्यांसाठी ते सोपं नव्हतं.

हॉलबाहेर कडुनिंबाखाली सतरंजी पसरली गेली, पण बसलं कोणीच नाही.

"पुढच्या महिन्यात येऊ," अमर म्हणाला. वाद पेटण्याआधी त्यावर पाणी टाकायची त्याची पद्धत होती, मग आत निखारा धुमसत का राहीना. "कुठं पळून चाललं शिबिर?"

"पुढच्या महिन्यात थेंब बुडनच कशावरून?" सुरभी उसळली. "आई, बोलायचंच होतं तं सकाळी काहून नाही बोलली? तिथं, सगळ्यायच्या समोर! तुले वाटलंच नव्हतं नं ते पास होईन?"

विमलताई सतरंजीचं टोक सरळ करू लागल्या. कारण ते खरं होतं.

"चूक माही हाय," रामराव म्हणाले. "मी तिथी पाह्यली नाही."

"तुमची नाही बाबा. हिचा देव अन् हिचा नवस. वहिनीनं कबूल केलता का तो? ते तं तिथं मरून पडलती!"

"ताई," दिपाली म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण सुरभी थांबली.

"तुम्ही माह्या बाजूनं बोलून राह्यल्या, बरं वाटलं. दिवाळीपासून वाट पाहून राह्यलती. पण माह्या सासूशी मी बोलीन."

कपिल हळूच बोरांच्या पिशवीकडे सरकला. समीक्षानं एक बोर तोंडात टाकलं आणि बी कुठं थुंकावी ते बघू लागली.

दिपाली सासूकडे वळली. पर्समधून लॅबचा कागद काढला, उघडला आणि विमलताईंच्या हातात दिला. विमलताईंना आकडा वाचता येत होता, त्याचा अर्थ मात्र त्यांना आताच त्या बाटलीत कळला होता.

"खोटं बोलली मी," दिपाली म्हणाली. "आई, तुम्ही नाही म्हणसान तं नाही खात. खरंच. रागानं नाही म्हणून राह्यली. माहं सारं त्याच उपासावर उभं हाय. पण ते चार पिशव्या हायेत नं माह्या अंगात... कोणाच्या तरी हायेत. मले नुसत्या बसू देत नाहीत त्या."

विमलताई सतरंजीवर बसल्या. गुडघे जवळ घेऊन, पदर डोक्यावर ओढून. बराच वेळ त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली.

"तुमाले एक गोष्ट सांगितली नाही मी," त्या म्हणाल्या. कोणाला उद्देशून ते कळेना. "त्या दिवशी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होती. हे इंजेक्शनं आणाले गेलते, अमर फोन करून राह्यला होता याले त्याले. मी भिंतीले डोकं लावून चिंतामणीले म्हणून राह्यली होती, रक्त दे, रक्त दे, जलमभर अंगारकी करतो, मी बी करतो अन् माही सून बी करन. तेवढ्यात रक्त घेतात त्या खोलीतून एक माणूस बाहेर आला. बाही खाली करत. हातात बिस्किटाचा पुडा. नखं काळी, कानाच्या पाठीमागं काळं. कोळशाच्या खाणीतला असन. मले म्हणे, बाई, वणीकडच्या राजूरले जायची गाडी कुठून भेटते?"

"मंग?" रामरावांनी विचारलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांनीही ऐकली नव्हती.

"मंग काय. मी म्हटलं, तिकडं. हात दाखवला नुसता. माह्या जपात आड आला म्हणून राग आला मले. त्याले पाणी बी नाही विचारलं. तो गेला. अन् थोड्या वेळानं सिस्टर आली म्हणे, भेटलं रक्त, राजूरहून दहा-बारा जण आलते मिळून."

कडुनिंबावरून एक वाळकं पान सतरंजीवर पडलं. एमआयडीसीतल्या कुठल्याशा कारखान्यात भोंगा वाजला आणि थांबला.

"तोच होता असं नाही म्हणत मी. दुसऱ्या कोणाचं बी असन. पण मी देवाले मागत होती, डोळे मिटून, अन् तो माह्या समोर उभा राहून रस्ता पुसत होता." विमलताईंनी पदरानं तोंड पुसलं. "सहा वर्षं झाले. अंगारकी आली का तो आठवते. अन् आज त्या बाईनं विचारलं नं, जेवल्या का म्हणून. तं माह्या ध्यानात आलं."

"काय आलं?" सुरभीनं विचारलं. आता तिच्या आवाजात धार नव्हती.

"तो जेवून आलता. उपाशी माणसाचं घेतच नाहीत. घरून भाकर खाऊन, गाडी धरून, एवढ्या दूर आलता तो. त्यानं खाल्लं म्हणून हे वाचली." त्या दिपालीकडे पहिल्यांदाच नीट बघत म्हणाल्या, "माह्या उपासानं का त्याच्या भाकरीनं, ते मले नाही सांगता येत. दोन्हीनं असन. पण माहा उपास माहा हाय. तुहा शब्द मी तुले न विचारता देला होता. तो मी आज वापस घेतो. चिंतामणीले काय सांगायचं ते मी पाह्यतो, आमचं जुनं हाय."

विमलताईंनी स्वतःच डबा ओढला, झाकण काढलं. ज्वारीची भाकरी, झुणका, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. भाकरीचा तुकडा मोडला, झुणका घेतला आणि दिपालीच्या तोंडाशी नेला. समीक्षाला भरवतात तसा.

दिपालीनं तोंड उघडलं. डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडू नये म्हणून तिनं मान जरा मागं केली, एवढंच.

"ठेचा कमी खाय वहिनी," कपिल म्हणाला. "ज्याले चढन त्याले ठसका लागन."

सुरभी हसली, मग दिपालीही, तोंडात घास असताना. सुरभीनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि हात तिथंच राहू दिला. दोघींच्या दिवाळीचा निकाल असा बिनबोलता लागला.

---

तासाभरानं दिपाली कॉटवर आडवी झाली. बाकीच्यांचं केव्हाच आटोपलं होतं. कपिलचं चक्कर न येताही दोनदा फ्रूटी पिऊन झालं होतं.

विमलताई आत आल्या नाहीत. दाराशी पाण्याचा कॅन आणि स्टीलचे दोन ग्लास घेऊन त्या उभ्या राहिल्या, आणि दंडावर पट्टी लावून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला अडवून पाणी देऊ लागल्या. शिबिरवाल्यांचं चहा-बिस्किटांचं टेबल चार पावलांवर होतं. पण बाईच्या चेहऱ्याकडे बघून कोणी नाही म्हणत नव्हतं. "कोणत्या गावचे तुमी?" त्या विचारत. लोहारा. घाटंजी. एक बाई दारव्ह्याची. त्या मान हलवत, गावाचं नाव पुटपुटत, जणू कुठंतरी लिहून ठेवायचं आहे. राजूरचं कोणी आलं नाही.

"अमरची माय," आतून रामरावांनी हाक मारली, कधी नव्हे इतक्या हळू. "इकडे ये. पाह्य."

दिपालीच्या हातात मऊ चेंडू होता. ती तो दाबत होती, सोडत होती. तिच्या कोपरातून निघालेली नळी खाली गेली होती, आणि खाली एका छोट्या यंत्रावर पिशवी झुलत होती. इकडून तिकडं, तिकडून इकडं, पाळण्यासारखी. दर झोक्याला थोडी जड. अमर बायकोच्या उशाशी उभा होता. सहा वर्षांपूर्वी त्यानं अशाच पिशवीतून रक्त तिच्या अंगात जाताना पाहिलं होतं. आज उलटं चाललं होतं. त्यानं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले, भर हॉलमध्ये, बापासमोर.

"दुखते का?" विमलताईंनी विचारलं.

"नाही," दिपाली म्हणाली. तिची नजर पिशवीवर होती. "आई, एवढं होतं माह्यात?"

यंत्र थांबलं. सिस्टरांनी सुई काढली, नळी सील केली, कापूस दाबला, पिशवी उचलून ट्रेमध्ये ठेवली. गडद, जांभळट, शांत.

"सिस्टर," विमलताई म्हणाल्या, "हात लावू का?"

सत्यशीला सिस्टरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग सीलबंद पिशवी दोन्ही हातांनी उचलून विमलताईंच्या तळव्यांवर ठेवली. "सांभाळून."

विमलताईंना वाटलं होतं पिशवी गार असेल. औषधाच्या बाटल्या असतात तशी.

ती गरम होती. नुकत्याच जन्मलेल्या जिवाएवढी. अजून माणसाच्या अंगात असल्यासारखी. त्यांचे हात जागच्या जागी थांबले. बेचाळीस वर्षं त्या घरात जे शिजवत आल्या, ते सारं, भाकऱ्या, पालक, काळी कढई, एका परक्या माणसाची राजूरहून आणलेली शिदोरी, सगळं त्यांच्या ओंजळीत होतं, आणि ते धगधगत नव्हतं, नुसतं उबदार होतं.

"द्या," सिस्टर हळूच म्हणाल्या. "पेटीत ठेवावं लागतं."

पिशवी गेली. विमलताईंनी तळवे मिटले नाहीत. तसेच उघडे धरून त्या खाली बसल्या आणि कॉटच्या पायाशी उभ्या असलेल्या समीक्षाच्या गालांना दोन्हीकडून लावले.

"पाह्य. गरम हाय का?"

समीक्षानं विचार केला. "हो. कोणाचं हाय हे?"

"आतापावतर तुह्या आईचं होतं."

"अन् आता?"

विमलताईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर ऊन होतं, रस्त्यावरून एक एसटी वणीच्या दिशेनं चालली होती, खिडक्यांतून माणसं, कोणाचे हात बाहेर, कोणी झोपलेलं.

"आता," त्या म्हणाल्या, "ज्याचं होईन, त्याले बी अजून माहीत नाही."